नेट चालत नाही? राउटर बंद करण्याआधी आयपीचा आकडा वाचा

वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं आहे, पासवर्ड बरोबर आहे, शेजारच्या टेबलावरचा लॅपटॉप व्यवस्थित चालतोय आणि तुमचा मात्र इंटरनेट नाही म्हणून बसलाय. नाहीतर फोन 'ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस'वर अडकतो आणि थोड्या वेळाने जोडणीच सोडून देतो. अशा वेळी हात पहिल्यांदा जातो तो राउटरच्या बटणाकडे. बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा.

पहिल्याच मिनिटाला तरी तसं करू नका. कुणाला कोणता आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखायचा आकडा) दिला याची यादी बरेचसे घरगुती राउटर तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. बटण बंद झालं की यादी पुसली जाते, आणि बिघाड कुठे होता हे सांगणारी एकमेव खूणही तिच्याबरोबर जाते. त्या संध्याकाळी नेट सुरू होतं, सगळे खूश होतात, आणि दोन दिवसांनी तीच तक्रार परत येते. लहान ऑफिसं, दवाखाने, अभ्यासिका यांची नेटवर्कं मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. तेवढ्या अनुभवावरून सांगतो, आयपी पत्त्याचा घोळ असेल तर तो पत्ता स्वतःच अर्धं उत्तर देतो. फक्त तो आधी वाचायला हवा.

आकडा कुठे दिसतो

विंडोजवर: विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा, 'सीएमडी' लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. तिथे 'आयपीकॉन्फिग', मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'ऑल' असं लिहा. (या लेखात आज्ञा आणि आकडे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरायचे.)

आता खूप मोठी यादी येते आणि नवा माणूस इथेच दचकतो. घाबरायचं कारण नाही. ज्या गटात 'मीडिया डिसकनेक्टेड' लिहिलंय ते सगळे सोडून द्या. ब्लूटूथ, व्हर्च्युअल असली नावं असलेलेही सोडा. वायफाय वापरत असाल तर 'वायरलेस लॅन ॲडॉप्टर वाय-फाय', केबल असेल तर 'इथरनेट ॲडॉप्टर', एवढाच गट आपल्या कामाचा. त्यातल्या या ओळी पाहा: डीएचसीपी एनेबल्ड, आयपीव्ही४ ॲड्रेस, सबनेट मास्क, लीज ऑब्टेन्ड आणि लीज एक्स्पायर्स, डिफॉल्ट गेटवे (बाहेर इंटरनेटकडे जायचं दार, म्हणजे सहसा राउटर), डीएचसीपी सर्व्हर. काहीही बदलण्याआधी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

अँड्रॉइडवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावाशेजारच्या चाकावर टिचकी मारली की खाली आयपी आणि गेटवे दिसतो. आयफोनवर त्याच जागी गोलातला 'आय' असतो. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून ठेवून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'आयपी', मोकळी जागा, 'ए'.

पत्ता मिळतो कसा

पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून दोन मिनिटं इथे थांबू.

तुमच्या यंत्राला पत्ता वाटून देणाऱ्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३ मध्ये ती पहिल्यांदा नियमांत बांधली गेली, आणि आज आयपीव्ही४ साठी जे मूळ नियम चालतात ते मार्च १९९७ चे आहेत. घरात किंवा लहान ऑफिसात हे वाटपाचं काम राउटरच्या आतच चालतं. यंत्र जोडलं गेलं की ते सगळ्या नेटवर्कला उद्देशून हाक मारतं: 'पत्ता देणारं कुणी आहे का?' राउटर म्हणतो, 'हा मोकळा आहे, घेतोस?' यंत्र म्हणतं, 'हाच द्या.' राउटर म्हणतो, 'दिला, अमुक वेळापर्यंत तुझा.' चार निरोप, आणि सगळं सुरळीत असेल तर सहसा काही क्षणांत संपतात.

यातल्या दोन गोष्टी मनात पक्क्या ठेवा. एक, पहिली हाक सगळ्यांना उद्देशून असते. यंत्राला राउटर कुठे आहे हे ठाऊकच नसतं, त्यामुळे जो कुणी आधी उत्तर देईल त्याचा पत्ता सहसा घेतला जातो. दोन, पत्ता कायमचा मिळत नाही, भाड्याने मिळतो; 'लीज' म्हणजे हेच भाडं. आपला घराचा करार जसा अकरा महिन्यांचा असतो तसा इथे काही तासांचा किंवा दिवसांचा. फरक इतकाच की इथला भाडेकरू मुदतीच्या निम्म्यावरच नूतनीकरण मागायला जातो. तेव्हा राउटर भेटला नाही, तर मुदत साडेसत्त्याऐंशी टक्के संपल्यावर तो पुन्हा सगळ्यांना हाक मारतो. म्हणूनच पत्त्याचे बिघाड कधीकधी खूप उशिरा दिसतात. सकाळी काहीतरी बिघडलेलं असतं आणि तक्रार दुपारी येते.

आता तुमचा आकडा काय म्हणतो ते पाहू.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता

हा राउटरने दिलेला पत्ता नाही. यंत्राने हाक मारली, कुणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच स्वतःला लावून घेतलेला हा तात्पुरता आकडा. विंडोज ९८ पासून ही सोय आहे. 'ऑटोकॉन्फिगरेशन आयपीव्ही४ ॲड्रेस' असं त्या ओळीत लिहिलेलं दिसेल. म्हणजे यंत्राचं नेटवर्क कार्ड आणि प्रणाली बऱ्याच अंशी ठीक आहे. हाक आणि उत्तर यांच्यामधली वाट तुटली आहे. ती शोधायची.

पहिली पायरी, वेळ बघा. नुकतीच लाइट जाऊन आली आहे का? आपल्याकडे या बिघाडाचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त भेटणारं कारण हेच. लाइट आली की छोटा स्विच (अनेक यंत्रांच्या तारा एकत्र जोडणारा खोका) लगेच जागा होतो, संगणकाला केबल जोडलेली दिसते, तो हाक मारायला लागतो. राउटर मात्र अजून उठतच असतो, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर संगणकाने वाट बघून १६९.२५४ लावून घेतलेला असतो. तो अधूनमधून पुन्हा विचारतो खरा, पण तेवढं थांबायला नको. 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि त्यानंतर 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' चालवा. आयफोनवर त्या गोलातल्या 'आय'मध्ये 'रिन्यू लीज' आहे, मॅकवर वायफायच्या तपशिलात टीसीपी/आयपीखाली. अँड्रॉइडवर वायफाय बंद-चालू केलं की पुरतं. असं दर वेळी होत असेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या किंवा त्याला छोटा यूपीएस लावा. संगणकात शोधण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरी पायरी, रिन्यू करूनही 'अनेबल टू कॉन्टॅक्ट युअर डीएचसीपी सर्व्हर' असा संदेश आला तर दुसरं एखादं यंत्र त्याच केबलला लावून बघा. तेही अडकलं तर दोष केबलचा, स्विचचा किंवा राउटरचा. ते चाललं तर दोष पहिल्या यंत्राचा. इतकी साधी चाचणी, पण ती न करता मी लोकांना विंडोज नव्याने टाकताना पाहिलंय.

तिसरी पायरी केबलवाल्यांसाठी. जॅकजवळचा दिवा लागतोय म्हणजे केबल चांगली आहे असं धरून चालू नका. तारेवर खुर्चीचं चाक रोज फिरत असेल, उंदराने कुरतडली असेल, टोकाला जॅक बसवताना क्रिम्पिंग कच्चं झालं असेल, तर दिवा लागतो आणि निरोप मात्र अर्धे गळतात. दहा मिनिटं डोकं खाजवण्यापेक्षा चालू असलेली दुसरी केबल लावून बघा.

स्विचच्या मागे तारांचं जंगल असेल तर एक गोष्ट आवर्जून तपासा: एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये तर नाहीत ना? सफाई करताना लोंबणारं टोक दिसलं म्हणून कुणीतरी मोकळ्या भोकात खोचतं. साध्या स्विचला हे कळत नाही. सगळ्यांना उद्देशून मारलेली प्रत्येक हाक मग त्या वर्तुळात गोल-गोल फिरत राहते आणि काही वेळात सगळं नेटवर्क तुंबतं. स्विचचे सगळे दिवे एकाच वेगाने वेड्यासारखे लुकलुकत असतील तर आधी हेच बघा.

आणि पासवर्ड? आताच्या डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ वायफायवर पासवर्ड चुकला तर यंत्र जोडलंच जात नाही, पत्ता मागण्यापर्यंत गोष्ट जातच नाही. तेव्हा 'जोडलंय पण आयपी नाही' असं असेल तर पासवर्ड परतपरत टाकत बसू नका.

पत्ता आहे, पण भलत्याच घराण्यातला

माझ्या मते हा सगळ्यात फसवा प्रकार, म्हणून यावर जरा रेंगाळतो.

एका हिशेबनिसाच्या ऑफिसात सहा संगणक होते. रोज त्यांतले दोन-तीन बंद पडत, पण दर वेळी वेगळे. सोमवारी खिडकीजवळचा, मंगळवारी साहेबांचा. पुन्हा चालू केला की कधी नेट यायचं, कधी नाही. महिनाभर त्यांनी काढला होता असा. मी पहिल्यांदा दोन संगणकांचे फोटो शेजारी ठेवले. चालणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२३, गेटवे १९२.१६८.१.१. बंद असलेल्याचा पत्ता १९२.१६८.०.१०२, गेटवे १९२.१६८.०.१. आणि दोघांची 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ वेगळी. एका ऑफिसात पत्ते वाटणारे दोघे झाले होते.

दुसरा कुठे होता? आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणून कपाटावर ठेवला होता. पहिल्या राउटरची तार त्याने या दुसऱ्याच्या पिवळ्या लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या, भोकात खोचली होती. वायफाय छान पोचलं, सगळ्यांना बरं वाटलं. पण तो जुना राउटरही 'पत्ता हवाय' ही हाक ऐकत होता आणि आपल्याकडचे पत्ते देत होता, ज्यांच्यामागे इंटरनेट नव्हतंच. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता. त्या दिवशी कोण जिंकलं यावर कुणाचं नेट चालणार हे ठरत होतं.

तुमच्याकडे असं आहे का, हे ओळखायची खात्रीची चाचणी ही: मुख्य राउटरची नेटवर्ककडे जाणारी तार काढा. एका संगणकावर आधी 'रिलीज' करा, मग 'रिन्यू'. रिलीज विसरू नका, नाहीतर जुनाच पत्ता दिसत राहून फसाल. आता खरं तर कुणीच उत्तर द्यायला नको. तरीही पत्ता आला, तर दुसरा वाटप करणारा नेटवर्कात कुठेतरी नक्की आहे.

त्याला शोधायचं असं: 'डीएचसीपी सर्व्हर'च्या ओळीतला आकडा घ्या, त्याला 'पिंग' करा (काळ्या खिडकीत 'पिंग', मोकळी जागा आणि तो आकडा; म्हणजे 'आहेस का?' असं विचारणं) आणि लगेच 'एआरपी', मोकळी जागा, उणे चिन्ह, 'ए' ही आज्ञा चालवा. कोणत्या आयपीमागे कोणतं यंत्र आहे याची यादी येईल. त्या आकड्यासमोर सहा जोड्यांचा एक मॅक पत्ता दिसेल, म्हणजे त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक (ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही). पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी कळते. राउटरच्या पोटावरच्या कागदाशी तो ताडून बघा. शेवटचा आकडा एक-दोनने पुढेमागे असू शकतो, कारण एकाच खोक्याला बाहेरच्या बाजूचा, आतल्या बाजूचा आणि वायफायचा असे वेगवेगळे पत्ते असतात. खोका सापडत नसेल तर स्विचमधली एकेक तार काढत 'रिलीज-रिन्यू' करत जा. ज्या तारेनंतर पत्ता यायचा थांबेल तिच्या दुसऱ्या टोकाला तो बसलेला असेल.

दुसरा राउटर फक्त वायफाय वाढवायला हवा असेल तर तो ठेवायला हरकत नाही, पण नीट लावा, आणि याच क्रमाने. तो नेटवर्कपासून सुटा करून एकट्या लॅपटॉपला जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून त्याचं सेटिंगचं पान उघडा. त्यात 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. नव्या पत्त्यावरून आत शिरून त्याचा डीएचसीपी सर्व्हर बंद करा. मगच मुख्य राउटरची तार त्याच्या लॅनच्या भोकात लावा. वॅनचं, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचं भोक, जे बहुधा निळं असतं, मोकळं राहू द्या. क्रम उलटा केलात आणि डीएचसीपी आधी बंद केलात, तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि राउटरमध्ये परत शिरायला हाताने आकडा घालायची वेळ येईल.

काहीजण दुसऱ्या राउटरचं वॅनचं भोक वापरतात. तेही चालतं, पण मग दोघांची घराणी वेगळी हवीत. बाहेरूनही १९२.१६८.१ आणि आतही १९२.१६८.१ असेल, तर पाकीट कुठल्या दारातून बाहेर काढायचं हे त्या बिचाऱ्या खोक्याला ठरवता येत नाही. शिवाय आतल्या बाजूच्या फोनला बाहेरच्या बाजूचा प्रिंटर आपोआप सापडत नाही.

'घराणं' म्हणजे काय, हे एका वाक्यात: सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे सारखे असलेलीच यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात. नेट चालतंय पण प्रिंटर दिसत नाही, अशी तक्रार असेल तर दोघांचे पहिले तीन आकडे ताडून बघा. कितीतरी वेळा फोन पाहुण्यांसाठीच्या वायफायला, म्हणजे 'गेस्ट'ला जोडलेला निघतो.

एकच पत्ता दोघांना

विंडोज कोपऱ्यात 'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' म्हणते, किंवा पत्त्याच्या ओळीत पुढे 'डुप्लिकेट' लिहिलेलं येतं. कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा खोका) दिवसा दिसतो, संध्याकाळी गायब होतो. प्रिंटर अर्धं पान छापून गप्प बसतो.

यामागे बहुतेकदा हाताने घातलेला पत्ता असतो. कॅमेरे बसवायला आलेल्या माणसाने डीव्हीआरला १९२.१६८.१.१०० हा आकडा घातला, गोल आकडा, लक्षात राहायला सोपा. राउटरच्या वाटपाची सुरुवातही १०० पासूनच. डीव्हीआर चालू असतो तोवर ठीक. तो बंद असताना राउटरने १०० कुणा फोनला दिला की पुढे दोघांची ओढाताण.

सापडवायचं कसं: ज्या यंत्रावर तक्रार आहे ते नेटवर्कवरून काढा आणि तोच आकडा दुसऱ्या संगणकावरून पिंग करा. उत्तर आलं तर घुसखोर जिवंत आहे. पिंगला उत्तर नाही आलं तरी लगेच 'एआरपी'ची यादी बघा, कारण काही यंत्रं पिंगला गप्प राहतात पण एआरपीत दिसतात. मॅक पत्ता मिळाला की यंत्र मिळालं.

उपाय म्हणून त्या यंत्राला हाताने घातलेला दुसरा आकडा देऊ नका. तो आज सुटेल, पुढच्या वर्षी परत अडेल. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्वेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' नावाची जागा असते. तिथे यंत्राचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी लिहून ठेवा, आणि यंत्र स्वतः 'ऑटोमॅटिक'वर सोडा. मग पत्ता कायम तोच राहतो आणि तरीही वाटप एकाच हाती राहतं. ज्या जुन्या यंत्रात ऑटोमॅटिकची सोयच धड नाही, त्यालाच हातचा आकडा द्या, आणि तो वाटपाच्या कक्षेबाहेरचा. वाटप १०० ते १९९ असेल तर १० ते ५० मधला.

पत्ते संपले

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांची एक अभ्यासिका. साठ खुर्च्या, दोन पाळ्या. तक्रार अशी: सकाळच्या पाळीला नेट उत्तम, दुपारी दोननंतर आलेल्या निम्म्या मुलांचे फोन 'ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस'वर थांबतात. आधीपासून बसलेल्यांचं मात्र चालू असतं. मालकांनी नेटचा वेग दुप्पट करून घेतला होता. फरक शून्य, महिन्याचं बिल मात्र वाढलं.

राउटरच्या पानावर वाटपाची कक्षा होती १०० ते १९९, म्हणजे शंभर पत्ते. मुदत २४ तास. आता हिशेब मांडा. सकाळी साठ मुलं, बऱ्याचजणांकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही. धरा नव्वद पत्ते गेले. दुपारी एकला ती मुलं घरी जातात, पण जाताना कुणी पत्ता परत करून जात नाही. फोन नुसता वायफायच्या टप्प्याबाहेर जातो, आणि राउटरच्या लेखी तो पत्ता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्याच नावावर असतो. दुपारच्या पाळीसाठी उरले दहा. माणूस उठून गेला, पण रुमाल टाकलेला, म्हणून खुर्ची अडलेली.

एक बारीक गोष्ट यात भर घालते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता दाखवत नाहीत, बनावट दाखवतात. खाजगीपणासाठी ते चांगलंच आहे. सहसा एका नेटवर्कसाठी एकच बनावट पत्ता टिकतो, पण काही फोनांवर तो ठरावीक काळाने किंवा सेटिंगनुसार बदलतो, आणि तसं झालं की तोच फोन राउटरला नवा पाहुणा वाटतो आणि दुसरा पत्ता अडवतो. राउटरच्या यादीत असे फोन ओळखता येतात: मॅक पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा बनावट. आम्ही ती यादी उघडली तेव्हा पडदाभर असेच पत्ते होते.

दोन बदल केले. कक्षा २० ते २५० केली, म्हणजे २३१ पत्ते. आणि मुदत २४ तासांवरून दोन तासांवर आणली. बसलेल्या मुलाचा फोन दर तासाला आपोआप नूतनीकरण करून घेतो, त्याला काही कळतही नाही; गेलेल्याचा पत्ता दोन तासांच्या आत मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मालकांचा फोन आला, फक्त 'चाललं' एवढंच सांगायला.

मुदत लिहिताना चौकटीशेजारचं एकक मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. कुठे मिनिटं असतात, कुठे सेकंद. २४ तास म्हणजे १४४० मिनिटं किंवा ८६४०० सेकंद. दोन तासांसाठी १२० लिहिलंत आणि तिथे सेकंद असतील, तर दर मिनिटाला सगळी यंत्रं नूतनीकरणासाठी रांग लावतील. घरात दहा-पंधरा यंत्रं असतील तर २४ तासच ठेवा, कमी करायची काही गरज नाही. लोक येत-जात राहतात अशा जागीच मुदत छोटी हवी: अभ्यासिका, दवाखान्याची प्रतीक्षा खोली, हॉटेल, मंगल कार्यालय.

फक्त एकच यंत्र अडलंय

बाकी सगळी चालतात आणि एकच लॅपटॉप रुसलाय, तर राउटरला हात लावू नका. 'डीएचसीपी एनेबल्ड' या ओळीत 'नो' आहे का ते बघा. असेल तर कधीतरी कुणीतरी, बहुधा जुन्या ऑफिसात, हाताने पत्ता घालून दिलाय. विंडोज ११ वर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तिथून आपल्या वायफायच्या किंवा इथरनेटच्या पानावर जा. 'आयपी असाइनमेंट'समोर 'एडिट' दाबून 'ऑटोमॅटिक' निवडा. त्याखालचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सोय) ऑटोमॅटिक आहे ना, तेही पाहा. पत्ता सुधारला आणि डीएनएस जुनाच राहिला तर साइट उघडत नाहीत आणि माणूस पुन्हा पत्त्यालाच दोष देतो.

'येस' असूनही पत्ता येत नसेल तर व्हीपीएन आणि बाहेरून टाकलेला अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून बघा. मग 'सर्व्हिसेस'मध्ये 'डीएचसीपी क्लायंट' चालू आहे का बघा. सगळ्यात शेवटी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या काळ्या खिडकीत 'नेटएसएच', 'इंट', 'आयपी', 'रिसेट' हे चार शब्द मध्ये जागा सोडून लिहा आणि संगणक पुन्हा चालू करा. याने हाताने घातलेली नेटवर्कची मांडणी पुसली जाते, म्हणून तो सुरुवातीचा फोटो जवळ असू द्या.

फोन अडला असेल तर ते वायफाय 'फर्गेट' करून नव्याने जोडा. आणि फोनसाठी राउटरवर पत्ता राखून ठेवला असेल, पण मिळत भलताच असेल, तर फोनच्या त्या वायफायच्या पानावर बनावट मॅक चालू आहे का ते तपासा. राखीव नोंद एका मॅकवर आणि फोन येतोय दुसऱ्याच मॅकने, असं झालेलं असतं.

आता राउटर बंद करायला हरकत नाही

फोटो काढून झाले, 'डीएचसीपी सर्व्हर'ची ओळ ताडून झाली, यादी मोजून झाली, आणि तरी कुणालाच पत्ता मिळत नाही, तर राउटरची वाटपाची यंत्रणाच अडकलेली असू शकते. आता बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा, आणि पूर्ण उठेपर्यंत तीन मिनिटं द्या. एक काळजी घ्या: यादी पुसली गेल्यामुळे राउटर आता चालू असलेल्या एखाद्या यंत्राचाच पत्ता नव्याला देऊ शकतो. म्हणून राउटर उठल्यावर प्रिंटर, डीव्हीआर, संगणक हेही एकदा बंद-चालू करा, म्हणजे सगळे नव्याने पत्ता घेतील.

फॅक्टरी रिसेटचं बारीक भोक मात्र सोडा. त्याने तुमच्या इंटरनेट कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही जाते, आणि मग पत्त्याचा प्रश्न सुटो न सुटो, नेट सुरू करायला त्यांच्या माणसाची वाट बघावी लागते.

सगळं चालू झाल्यावर एक कागद घ्या. मुख्य राउटरचा पत्ता, वाटपाची कक्षा, मुदत, राखून ठेवलेले पत्ते आणि ते कुणाचे, दुसरा खोका असेल तर तो कुठे आहे आणि त्याचा आकडा काय, एवढं लिहा. तारीख टाका आणि तो कागद राउटरच्या शेजारी भिंतीला चिकटवा. कॅमेरेवाला किंवा प्रिंटरवाला पुढच्या वेळी आला की आकडा घालण्याआधी त्याला तो कागद दाखवा, आणि नवा आकडा दिला तर त्याच्याच हातून त्यावर लिहून घ्या.